किसनच्या खांद्यावरचे खोगीर

“किसनराव माणूस लाखात एक, त्यात काय वाद न्हाई. पण खरं ते खरं. शेवटच्या सप्त्यात त्यानं वीणा त्या लाकडी घोड्यावर टेकवली अन् सोता खांबाला पाठ लावून बसला. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं. मागून इचारलं, वीणा कुठं व्हती? तर नुसता म्हनला, जिथं पायजे तिथं व्हती. आता याच्यावरून काय समजायचं ते तुमीच समजा.”

किसन, तुझ्या तेराव्याची पंगत उठल्यावर मारुतीच्या सभामंडपात भुजंगराव हे बोलले. ते तुझे चुलतभाऊ आहेत, आणि सप्ताह समितीचे अध्यक्षही आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असे ते म्हणतात. मी तसे म्हणत नाही.

आपल्या गावच्या सप्ताहात वीणेचा पहिला पहारा तुझ्या घराचा. तुझ्या आजोबांपासून तो मान चालत आला. भुजंगरावांचे म्हणणे असे की, ज्याने पहारा मोडला त्याच्या घरी तो मान पुढे चालवणे धर्माला धरून नाही; यंदाचा सप्ताह बसण्यापूर्वी समिती काय ते ठरवील. तो मान कोणाच्या ओसरीवर जावा हे त्यांनी सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती. तुझा नामदेव खाली मान घालून पत्रावळी गोळा करीत राहिला. बापाने कधी काही सांगितलेच नाही, तर लेकराने उत्तर काय द्यावे?

मी उठलो. म्हणालो, “भुजंगराव, हे खोटे आहे.”

“मग सांगा की मास्तर. तुमी तर त्या दिवशी गावातच व्हता. वीणा कुठं व्हती?”

आणि मी गप्प राहिलो. किसन, आपल्या साऱ्या आयुष्यात, ज्या वादात माझी बाजू खरी आहे अशा वादात तू मला गप्प बसलेले पाहिले नाहीस. मंडपातल्या लोकांनीही पाहिले नव्हते. मी घरी आलो, त्यानंतर कोणाशी बोललो नाही, आणि आता कागद घेऊन बसलो आहे. हा मजकूर छापावयास द्यायचा आहे. तो लोकांसाठी आहे, पण बोलायचे आहे तुझ्याशी. लोकांनी बाजूला बसून ऐकावे.

प्रथम, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आपला रिवाज. सप्ताह बसला की वीणा अहोरात्र कोणाच्या तरी गळ्यात असते. पहारेकरी उभा राहतो, तार छेडतो, नाम घेतो. त्याची वेळ संपली की दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. ती जमिनीवर ठेवायची नाही, पाटावर ठेवायची नाही, खुंटीला टांगायची नाही. समाप्तीपर्यंत तिला माणसाचाच आधार. मी हा रिवाज पाळणारा नव्हे. हिंगोलीच्या तंत्रशिक्षण संस्थेत आयुष्यभर पोरांना लेथवरचे कातकाम शिकवले. जे मोजता येत नाही ते मानायचे नाही हे माझे व्रत. याच सभामंडपात, भर बैठकीत मी एकदा म्हणालो होतो की, ज्या दिवशी माझ्या गळ्यात वीणा दिसेल त्या दिवशी मास्तर वेडा झाला असे खुशाल समजा. लोकांनी ते वाक्य जपून ठेवले. दरवर्षी सप्ताह जवळ आला की कोणीतरी ते मला परत ऐकवी.

तू मात्र कधी ऐकवले नाहीस. तू फक्त हसायचास.

आपली गाठ वीणेमुळेच पडली हे तुला आठवत असेल. एका गावचे असूनही तोवर आपण नुसते ओळखीचे होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तू शिरड शहापूरहून एस.टी.ने हिंगोलीला, थेट माझ्या कार्यशाळेत आलास. खांद्यावर धोतरात गुंडाळलेली वीणा. मी पोरांना ओरडत होतो. तू दारात उभा राहून सारे ऐकून घेतलेस आणि मग म्हणालास, “मास्तर, तू पोरांवर वरडतो तसा या खुंटीवर वरड. लई सरकून राहिली. तार धरीच ना.”

खुंटी झिजली होती, आणि कोणा गाववाल्याने तिच्यावर चिंधी गुंडाळून ती ठोकून बसवली होती. मी तुला निमुळत्या खुंटीचा उतार म्हणजे काय ते समजावून सांगितले; भोक ज्या उताराचे त्याच उताराची खुंटी हवी, नाहीतर ती एकाच जागी धरते आणि बाकी सैल राहते. तू सारे ऐकलेस. शिसवीचा तुकडा लेथवर चढवून मी खुंटी कातून दिली. तू ती बसवलीस, तार छेडलीस, डोळे मिटलेस. पोरे काम टाकून बघत राहिली. मला राग यावयास हवा होता. आला नाही. ती खुंटी अजून त्याच वीणेत आहे, आणि ज्यांना मी वीणेचा द्वेष्टा वाटतो त्यांनी ती जाऊन पाहावी.

त्या दिवसापासून मला वादाला माणूस मिळाला. सेवानिवृत्त होऊन मी गावी परतलो तेव्हा माझ्याजवळ सर्व काही होते, फक्त माझ्याशी भांडेल असे कोणी नव्हते. लोक मान देत आणि निघून जात. तू बकऱ्या शिवारातून परत आणल्यावर ओट्यावर येऊन बसायचास आणि म्हणायचास, “बोल मास्तर, आज काय न्हाई?” म्हणजे आज मी कोणती गोष्ट अस्तित्वात नाही असे म्हणणार आहे. किसन, त्या संध्याकाळींचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. येथे लिहून ठेवतो.

मग तू कडब्याच्या गंजीवरून पडलास. डाव्या बाजूचे, गळ्याखालचे आडवे हाड मोडले. मी म्हणत होतो नांदेडला जाऊ. तू गावच्याच हाडवैद्याकडे गेलास. हाड जुळले, पण वाकडे जुळले. खांद्यावर लिंबाएवढा उंचवटा राहिला आणि हात छातीच्या वर जाईना. वीणेची दांडी ज्या जागी टेकते नेमकी ती जागा गेली. त्यानंतरच्या पहिल्या सप्त्यात तू दात आवळून पहारा दिलास. घरी आलास तेव्हा उंचवट्यावरची कातडी सोलून निघाली होती, आणि तू ती माझ्यापासून उपरण्याने झाकत होतास.

मी म्हणालो, “याला उपाय आहे.”

“हाड पुन्ना मोडायचं म्हनतो का?”

“नाही. टेकू करायचा.”

माझा पहिला आराखडा अत्यंत सोपा होता. वीणेच्या भोपळ्याखाली वाटीसारखी बैठक, तिला एक सडपातळ लाकडी पाय, तो जमिनीवर. सगळा भार जमिनीवर जाईल, खांद्याने नुसते सावरायचे. यंत्रशास्त्र जाणणारा कोणीही माणूस हेच करील. तू कागद उलटसुलट करून पाहिलास.

“हा पाय भुईला टेकतो?”

“टेकणारच. त्यासाठीच तो आहे.”

“मंग न्हाई जमत. हे वीना खाली ठेवल्यावानीच झालं.”

“वीणा तुझ्या गळ्यातच असेल.”

“गळ्यात असंल, पण उभी भुईवर ऱ्हाईल. माझं काम काय मंग? सूर धरायला बाजाची पेटी आना.”

“देव एवढा बारीक हिशेब ठेवतो?”

“देवाचं मला म्हाईत न्हाई मास्तर. मला एवढंच म्हाईत हाय, की ती मानसानं धरायची. काहून ते इचारू नको. तुला सांगता येनार न्हाई अन् मला बी न्हाई.”

हा वाद आपला अपुरा राहिला. त्यानंतर कित्येक संध्याकाळी तो आपण उकरून काढला आणि कोणीही मागे हटलो नाही. मी आजही म्हणतो की पायाचा आराखडा अधिक योग्य होता. पण तू तो नाकारलास म्हणून मला दुसरा शोधावा लागला, आणि तो दुसरा माझ्या हातून झालेले सर्वांत चांगले काम ठरले. शासनाच्या नोकरीत इतकी वर्षे काढून जे काम मला मिळाले नाही ते तुझ्या हट्टाने दिले. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले, ते मानतो.

ठरले असे की, भार खांद्यावरच राहील, पण उंचवट्याला न लागता सगळ्या खांद्यावर पसरेल. लाकडाचा एक तुकडा. त्याची खालची बाजू तुझ्या खांद्याला शब्दशः जुळणारी, वरच्या बाजूस दांडीसाठी खोबण, आणि काखेखालून जाणारा चामडी पट्टा. हाताने कोरून हे होण्यासारखे नव्हते. वाकड्या हाडाला सरळ हत्यार उपयोगाचे नाही. तेव्हा वारंगा फाट्यावर सलीमभाईंनी सीएनसी आणले होते. दरवाजांवर, देव्हाऱ्यांवर नक्षी कोरणारे, संगणकाच्या हुकुमाने चालणारे यंत्र. संस्थेत लोखंडासाठी तसले यंत्र मी हाताळले होते. लाकूड तर त्याहून मऊ.

खांद्याचा साचा घ्यायचा होता. गणपती करणाऱ्या कारागिराकडून प्लास्टर आणले. तुला ओट्यावर बसवले, खांद्यावर तेल लावले, चिंध्या प्लास्टरात भिजवून थर दिले. तू सारखा हसत होतास. “मास्तर, मला गनपती करतो का? सोंड कुठं लावशील?” हसलास की साचा तडकायचा. अखेर तो निघाला, मी तो कोरडा केला, आतून चौकटी आखल्या, चौकटीचौकटीची खोली मोजली आणि आकडे घेऊन फाट्यावर गेलो.

सलीमभाईंनी आकड्यांचे ते कागद पाहिले आणि कपाळाला हात लावला. “मास्तरसाब, अब तक इस मशीन ने मोर निकाले, गुलाब निकाले. आदमी का खांदा पहली बार निकालना पड रा.”

पहिला नमुना साध्या लाकडात काढला. तू ओट्यावर बसलास, तो खांद्यावर ठेवला. असा बसला की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग तू उठलास, वीणा गळ्यात घातलीस, नाम घेण्यासाठी श्वास भरलास, आणि “अय्यो” म्हणून खाली बसलास. कडा गळ्यात रुतली होती.

मी मोजमाप पुन्हा पडताळले. बरोबर होते. तू शांतपणे विचारलेस, “मास्तर, बसून कोन पहारा देतं?”

मी साचा घेतला होता तो बसलेल्या, गप्प माणसाचा. यंत्राला तेवढेच कळले. उभा राहिलेला, हातात वीणा असलेला, गाणारा खांदा निराळाच असतो; श्वासाबरोबर ते हाड वर येते आणि तारेच्या प्रत्येक छेडीला मागे सरते. म्हणून दुसरा साचा घेतला तो तुला उभे करून, वीणा गळ्यात देऊन, गाता गाता. प्लास्टर घट्ट होईपर्यंत थांबायचे नव्हते. मी म्हणालो, आवाज नुसता लाव, नाम घेतलेच पाहिजे असे नाही. तू म्हणालास, “गळ्यात वीना हाय, मंग दुसरं काय म्हनू? बाजारभाव?” आणि माझ्या ओट्यावर, माझ्यासारख्याच्या ओट्यावर, तू भरदुपारी नाम घेत उभा राहिलास, आणि मी तुझ्या खांद्यावर हात दाबून धरून होतो. शेजारच्या बाया कुंपणापाशी जमल्या. एकजण म्हणाली, “मास्तरबी लागले वाटतं भजनाला.” मी तिला घालवून दिले.

आता लाकूड. मी शिवणीच्या लाकडाचा ताजा तुकडा सुचवला. तुला तो नको होता. ट्रॅक्टर आल्यावर तू बैल विकलेस, पण जू विकले नव्हतेस. गोठ्यात आढ्याला टांगून ठेवले होते. ते खाली काढलेस.

“याचं कर. या लाकडानं बैलाच्या मानंवर कधी फोड येऊ देला न्हाई.”

मी म्हणालो की जुन्या लाकडात खिळे असतात. तू म्हणालास, सगळे उपटून देतो. उपटलेसही. आपण दोघे फाट्यावर गेलो, सलीमभाईंनी लाकडावर लोहचुंबक फिरवले, तुकडा यंत्रावर बांधला. यंत्र चालू झाले. पोलादी टोक तुझ्या खांद्याच्या उंचसखल वाटेने जाऊ लागले, भुसा उडू लागला, आणि तू दोन्ही हात जोडून उभा राहिलास. मी टोकलेदेखील की हे देऊळ नव्हे. एवढ्यात खट्कन आवाज झाला आणि टोक मोडून भिंतीवर आपटले. लाकडाच्या पोटात एक खिळा शिल्लक होता, डोके मोडलेला.

“या अल्ला,” सलीमभाई म्हणाले, “ये कौन ठोका?”

“माझ्या बापानं,” तू म्हणालास. “बाप असाच व्हता. कुठं आडवा येईल सांगता येत न्हाई.”

सलीमभाई इतके हसले की मोडलेल्या टोकाचा राग विसरले. खिळा काढला, ती जागा सोडून तुकडा सरकवून बांधला. मग भारनियमन. यंत्र मध्येच थांबले की आपण कुठे होतो ते विसरते. म्हणून मी तुकड्याच्या कोपऱ्यावर खूण कोरून घेतली होती आणि वीज आली की तेथून पुन्हा मोजून सुरुवात. तुम्ही दोघे चहा पीत राहिलात. तुम्हांला कंटाळा असा आलाच नाही. संध्याकाळी तो तुकडा हातात आला. दिवाळीनंतर सुरू केलेले काम संक्रांत होऊन गेल्यावर पुरे झाले.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण गावात निरनिराळ्या आवृत्त्या फिरतात. एक अशी की ते ‘कॉम्प्युटरमधून काढलं’, जणू ते आत कुठे तयारच होते. कॉम्प्युटरात काही नव्हते, भल्या माणसांनो; जे होते ते किसनच्या खांद्यात होते. दुसरी आवृत्ती तुझी स्वतःची, किसन, आणि तीही मला मान्य नाही. तू लोकांना सांगायचास, “मास्तरनं एका दिसात करून देलं.” माझे नाव मोठे व्हावे म्हणून बोलत होतास हे मला कळते. पण एका दिवसात होणारे काम मी करीत नाही.

तू त्याला खोगीर म्हणालास. “मास्तरनं मला घोडा केला, आता वीनाबाई बसतात.” ते घालून तू जे सप्ते केलेस त्यांत तुझा आवाज पुन्हा पूर्वीसारखा मोकळा झाला. मी दरवर्षी तुझ्या पहाऱ्याला येत असे. लोकांना वाटे, मास्तर बदलला. मी सांगत असे की पट्ट्याचा ताण पाहावयास येतो. आणि मी खरोखर पट्ट्याचा ताणच पाहत असे. निदान सुरुवातीला.

आता भुजंगरावांच्या ‘लाकडी घोड्या’कडे येतो. तेराव्याच्याच दिवशी, मंडपातून निघण्यापूर्वी, मी नामदेवाकडून खोगीर मागवून घेतले आणि मंडपात सर्वांदेखत फरशीवर ठेवले. ते उभे राहिले नाही. राहणारच नाही; त्याला तळ नाही, त्याला तुझ्या खांद्याचा खळगा आहे. एका बाजूला कलंडले आणि उलट्या कासवासारखे डोलत राहिले. मी म्हणालो, “यावर वीणा टेकवून दाखवा.” भुजंगराव म्हणाले, “खांबाला लावून टेकवली आसंल.” लोकांनी माना डोलवल्या. मी हरलो नव्हतो, पण जिंकलोही नव्हतो. लाकडाची साक्ष पुरी पडली नाही. तेव्हा त्या दुपारची गोष्ट सांगणे भाग आहे.

किसन, तू ही गोष्ट कोणाला सांगितली नाहीस. तुझ्या परवानगीवाचून मी ती सांगतो आहे. पण ही बाब जितकी तुझी तितकीच माझीही आहे.

शेवटच्या सप्त्यातली ऐन दुपार. ऊन असे की रस्त्यावर कुत्रे नव्हते. मंडप रिकामा, बाया मागच्या बाजूस भाजी निवडीत होत्या. तुझ्यानंतरचा पहारेकरी आला नव्हता. त्याची गाय विणार होती. तुझ्यासोबत टाळ धरणारा त्याला आणावयास गेला. मी खांबाच्या आड, देवाच्या बाजूस सावलीत बसलो होतो. तार चालू होती. मग मला तुझ्या आवाजात कापरे ऐकू आले. उठून पाहिले तर तुझा चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. बोट मात्र तारेवर.

“मास्तर,” तू म्हणालास, “चक्कर यून राहिली.”

“थांब, कोणाला तरी बोलावतो.”

“तेवडा येळ न्हाई.”

मी म्हणालो, “मग खाली ठेव. क्षणभर. कोणी पाहत नाही.”

तू माझ्याकडे पाहिलेस. ती नजर मी या जन्मात विसरणार नाही. तिच्यात राग नव्हता, उपहास नव्हता. इतक्या वर्षांच्या वादात तू प्रथमच निर्णय माझ्यावर सोडत होतास.

“ठेवू?” तू विचारलेस. “तू शिकला-सवरलेला हायस. तू म्हन, मी ठेवतो.”

जे मोजता येत नाही ते न मानणारा मी. मला फक्त ‘ठेव’ एवढेच म्हणायचे होते. ते आयुष्यभर मी जे बोललो त्याला धरूनच झाले असते. पण तुझा गाणारा खांदा माझ्या हाताखालून गेला होता, किसन. त्या श्वासाचे वजन मी मोजले होते. मी नाही तर कोणी मोजले? ‘ठेव’ हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

त्यानंतर तू खांबाला पाठ लावून रस्त्याच्या बाजूस बसलास. खोगीर काढून मी तुझ्या पायापाशी ठेवले. ते कलंडले, आणि तशाही अवस्थेत तुला हसू आले. बाहेर जीप हळू झाली आणि पुढे गेली. ती भुजंगरावांची होती हे मला मागाहून कळले. तार थांबली नव्हती, हे त्यांनाही मान्य आहे. ती कोण छेडतो आहे, हे मात्र त्यांनी विचारले नाही. खाली उतरून त्यांनी खांबाच्या पलीकडे पाहिले नाही.

तू सावरलास, पाणी प्यालास, उठलास. नवा पहारेकरी धापा टाकीत आला तेव्हा तू खोगीर घालून आपल्या जागी उभा होतास आणि मी तुझ्या शेजारी उभा राहून पट्ट्याची कडी तपासत होतो. संध्याकाळी ओट्यावर आलास. मी काही विचारण्याआधीच म्हणालास, “काळजी करू नको. कोनाला सांगत न्हाई.”

“सांगितलेस तरी मला काय?” मी म्हणालो.

“तुझा गावासंगं इतक्या वर्साचा वाद हाय. तो मी कसा मोडू?”

पुढे भुजंगरावांनी तुला गाठले. तुझ्या घरचा मान तुझ्या जिभेवर होता. एक वाक्य पुरले असते. तू म्हणालास, जिथं पायजे तिथं व्हती. लोकांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला, आणि तू घेऊ दिलास. स्वतःच्या घराण्याच्या मानापेक्षा एका भांडकुदळ म्हाताऱ्याचा शब्द तुला मोलाचा वाटला. मला हे इतके दिवस ठाऊक होते आणि मी एकदाही ‘किसन, उपकार झाले’ असे म्हटले नाही. आपल्यात तसे बोलण्याची पद्धत नव्हती. आता पद्धत राहू दे. उपकार झाले, किसन. खुंटीचे, खोगिराचे, ओट्यावरच्या संध्याकाळींचे, आणि त्या दुपारी ‘ठेवू?’ असे मला विचारलेस त्याचे.

आपला जुना वाद मी सोडलेला नाही. वीणा खाली ठेवली तर काय बिघडते, याचे उत्तर तू दिले नाहीस आणि मलाही ते सापडलेले नाही. यंदाच्या सप्त्यात नामदेव पहिला पहारा देईल तेव्हा मी खांबापाशी बसून त्याच प्रश्नाचा विचार करीन. खोगीर त्याला लागणार नाही. त्याचा खांदा धड आहे.

भुजंगराव, आता तुमच्यासाठी. तुम्ही पाहिले ते सर्व खरे. किसन बसलेला होता. लाकूड जमिनीवर होते. त्याच्या गळ्यात वीणा नव्हती. तुम्ही सभेत मला विचारले की वीणा कुठे होती. ज्यांनी माझे ते जुने वाक्य इतकी वर्षे जपून ठेवले आहे त्यांनी आता ते बाहेर काढावे आणि पोटभर हसावे. माझी हरकत नाही.

वीणा माझ्या गळ्यात होती.